एक पुस्तक जास्त भरतं तेव्हा: वाचनालयातली भयकथा कशी लिहावी

वार्षिक पडताळणीत पुस्तकं कमी भरणं हे कुठल्याही वाचनालयात नेहमीचंच. कुणी परत आणून दिलेलं नसतं, एखादं भलत्याच कपाटात खोचलेलं असतं, एखादं कसरीनं पार चाळणी केलेलं असतं. दहा-वीस कमी भरली की ग्रंथपाल सुस्कारा टाकतात, यादी करतात आणि कार्यकारी मंडळापुढे ठेवतात. पण एक पुस्तक जास्त भरलं तर? दाखल नोंदवहीत नाही, कुठल्या बिलात नाही, भेट आलेल्यांच्या यादीत नाही, आणि तरी कपाटात आहे.

वाचनालयात घडणाऱ्या भयकथेसाठी याहून चांगली सुरुवात मला अजून सुचलेली नाही. ठाण्यात चरईजवळच्या एका वाचनालयात मी नऊ वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसले. भुताखेतांच्या गोष्टींची मला लहानपणापासून ओढ. त्यांतल्या ग्रंथपाल बाई मात्र बहुतेक वेळा एकाच कामाच्या असतात: जुन्या पोथीतला मंत्र शोधून नायकाच्या हातात द्यायचा आणि बाजूला व्हायचं. हे मला दर वेळी खटकतं. अमानवी शक्तीशी झुंजायला लागणारं सगळं ग्रंथपालाच्या रोजच्या कामात आहे: नोंद, क्रमांक, वर्ग, नाव, मुदत. गोष्ट यांच्याच बळावर उभी करायची. ती कशी, हे मी माझ्याच एका गोष्टीचा सांगाडा उलगडत सांगते.

आधी कामाचा एक दिवस लिहून काढा

भूत मनात यायच्या आधी हे करा. तुमच्या ग्रंथपालाचा एक साधा, काहीही न घडणारा दिवस दोन पानांत लिहा. कुलूप कोण उघडतं? वर्तमानपत्रांच्या काठ्या कोण लावतं? सकाळी पहिले येणारे आजोबा कुठल्या खुर्चीवर बसतात आणि ती कुणी बळकावली तर काय करतात? परत आलेली पुस्तकं टेबलाच्या कोणत्या बाजूला साठतात?

यात दाखल नोंदवही नीट समजून घ्या, कारण तिच्यासारखं साधन भयकथेत दुसरं नाही. पुस्तक वाचनालयात आलं की त्याची एक ओळ होते: दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, पानं, किंमत, कुठून आलं, आणि शेवटी शेरा. एक क्रमांक एकाच पुस्तकाचा. पुस्तक हरवलं, फाटलं, बाद झालं तरी तो क्रमांक दुसऱ्याला देत नाहीत. ओळ तशीच राहते, शेऱ्यात कारण लिहितात. एका वाचनालयात येऊन गेलेल्या प्रत्येक पुस्तकाचा जन्म आणि मृत्यू त्या जाड वहीत असतो. मी पहिल्यांदा जुनी वही चाळली तेव्हा 'बाद', 'गहाळ', 'वाळवी' असे शेरे वाचताना मला स्मशानाची नोंदवही वाचतोय असं वाटलं होतं.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी 1967 चा कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत मोडतात आणि अनुदान त्यावर ठरतं. तुमचं वाचनालय कोणत्या वर्गातलं ते ठरवून टाका. 'क' वर्गातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालाला रात्रपाळीचा पहारेकरी नसतो, कॅमेरा नसतो, पगार तुटपुंजा असतो, आणि दिवा गेला तर इलेक्ट्रिशियनला फोनही स्वतःच करावा लागतो. या अडचणी गोष्टीला फार उपयोगी पडतात.

माझ्या गोष्टीतल्या ग्रंथपाल म्हणजे सुमनताई. वय छप्पन्न, निवृत्तीला दोन वर्षं. वाचनालय काल्पनिक, ठाण्यात एका बुजवलेल्या तळ्याच्या जागेवर उभं.

दुष्ट शक्ती वाचनालयातूनच उगवू द्या

बाहेरून एक भूत आणून कपाटामागे उभं करू नका. ग्रंथपालाचं ज्यावर सर्वांत जास्त प्रेम असतं, त्याचीच काळी बाजू शोधा.

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. ग्रंथपालनाचा कुठलाही अभ्यासक्रम केलेल्याला ते तोंडपाठ असतात: ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवा, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. यातला तिसरा अंधारात बसून पुन्हा वाचा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. एखादं पुस्तक आपल्या वाचकाची वाट बघत बसलं असेल आणि त्याला वाचक न मिळण्यातच सगळ्यांची खैर असेल, तर ग्रंथपालानं काय करायचं? आयुष्यभर ज्या तत्त्वावर श्रद्धा ठेवली त्याच्याच विरुद्ध उभं राहायचं. गोष्टीतला खरा झगडा इथं आहे, भूत त्याच्या नंतर येतं.

आता भूत. आपल्याकडे त्यांची वाण नाही: मुंजा, समंध, हडळ, खवीस, जखीण, झोटिंग, चकवा, गिऱ्हा. प्रत्येकाचं ठिकाण वेगळं, मरणाची तऱ्हा वेगळी, म्हणून सतावण्याची तऱ्हाही वेगळी. कोकणातल्या अशा समजुती शाळामास्तरांकडून गोळा करून त्यांची टिपणं 1915 साली इंग्रजीत छापली गेली. ती सामग्री जमवणारा अधिकारी म्हणजे नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. त्याचा 21 डिसेंबर 1909 रोजी अनंत कान्हेरे यांनी वध केला, आणि कान्हेरे, कर्वे, देशपांडे या तिघांना 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. भुतांच्या त्या टिपणांचा धागा असा आपल्याच गावात येऊन पोचतो. पण इथं एक गोष्ट कळकळीनं सांगते: हुतात्म्यांना भूत करू नका. ज्यांचं नाव रस्त्यांना आणि चौकांना आहे, त्यांचं मरण आपल्या करमणुकीला वापरणं मला मान्य नाही. काल्पनिक माणूस घ्या, काल्पनिक मरण घ्या.

मी गिऱ्हा निवडला. पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत. वाटसरूला भुलवून पाण्याकडे नेणारं. तो पुस्तकात कसा आला? हे मला भाषेनंच सुचवलं. आपण म्हणतो, 'वाचनात बुडून गेलो होतो.' हा वाक्प्रचार शब्दशः खरा झाला तर? वाचक पान उघडतो, दोन पानं वाचली असं त्याला वाटतं, आणि वर बघतो तो संध्याकाळ झालेली असते. पुढच्या खेपेला आणखी खोल. एके दिवशी वर येतच नाही.

तुमच्या गोष्टीसाठीही आधी असा एखादा रोजच्या बोलण्यातला शब्द शोधा. वाचनाभोवती आपल्याकडे खूप आहेत: पुस्तकात डोकं खुपसणे, पानं खाणे, बासनात गुंडाळून ठेवणे, अक्षरशत्रू. त्यातला एक उचला आणि तो तंतोतंत खरा करा.

तिचे नियम ठरवा

ज्या शक्तीला काहीही करता येतं तिची भीती वाटत नाही. तिला काय करता येत नाही हे वाचकाला हळूहळू कळलं पाहिजे. माझ्या वहीत तीनच नियम होते. पुस्तक कुणाच्या हातात आपण होऊन जात नाही. वाचकानं ते स्वतः उचलावं लागतं. एका वेळी त्याला एकच वाचक लागतो. आणि त्याला क्रमांक नसल्यामुळे त्याची ठरलेली जागा नाही, म्हणून ते आज चरित्रांत सापडतं, उद्या पाककलेत, परवा बालविभागात. हा तिसरा नियम सुमनताईंची झोप उडवतो. बालविभागात.

नियम लिहिल्यावर शेवट त्यांच्यातच कुठंतरी दडलेला असतो. नसेल सापडत, तर नियम बदला.

ठाणं नावापुरतं नको

मासुंदा तलाव, कोपिनेश्वराचं देऊळ, राम मारुती रोडची गर्दी अशी नावं पेरली की गोष्ट ठाण्याची होत नाही. गावाचा स्वभाव कथानकात कामाला लागला पाहिजे. ठाणं तलावांचं शहर; काही तळी राहिली, काही बुजली आणि त्यांवर इमारती आल्या. खाडी जवळ. पावसाळ्यात भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की सखल भागात पाणी उलटं चढतं. पाण्याच्या भुताला याहून चांगलं घर कुठं मिळणार? भिंतीच्या खालच्या दोन फुटांत कायम राहणारी ओल, दर पावसाळ्यात फुगणारी कपाटाची फळी, डांबरगोळ्यांच्या वासातूनही येणारा कुबट वास. हे सगळं आधी साध्या दुरुस्तीच्या तक्रारी म्हणून येऊ द्या. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत 'वॉटरप्रूफिंग' हा विषय पुढच्या महिन्यावर ढकलला जाऊ द्या.

वेळही इथलीच घ्या. पुष्कळ वाचनालयं सकाळ-संध्याकाळ उघडी आणि दुपारी बंद असतात. जुन्या माणसांच्या मते टळटळीत दुपारची बाराची वेळ तिन्हीसांजेइतकीच वाईट. बाहेर गोखले रोडवर रिक्षांचे हॉर्न, आत जाळीचं दार ओढलेलं, पंखा बंद, आणि तरी वाचनकक्षात पान उलटल्याचा आवाज. मध्यरात्रीपेक्षा ही दुपार मला जास्त भिववते, कारण उजेड असूनही मदतीला कुणी येणार नसतं.

संशोधनासाठी इथली जुनी साधनं आहेत. ठाणे जिल्ह्याचं 1882 चं गॅझेटिअर आहे. ठाण्यातून 1866 पासून 'अरुणोदय' हे साप्ताहिक निघत असे. 1893 साली वि. ल. भावे यांनी इथं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं केलं. म्हणजे छापील शब्दाची परंपरा असलेलं हे गाव आहे, आणि इथं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणी लेखक आपलं हस्तलिखित घेऊन तळ्याकाठी बसत होता असं लिहिलं तर वाचकाला ते पटतं. खऱ्या संस्थेत मात्र भूत घालू नका. तिथं रोज माणसं काम करतात.

ग्रंथपालाच्या हातून एक चूक होऊ द्या

संकट उगाच कोसळलं तर ग्रंथपाल नुसती बळी ठरते. तिच्याच कामातली एक लहानशी कसूर संकटाला दार उघडते, तेव्हा तिची लढाई स्वतःशीही होते.

26 जुलै 2005. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ठाण्यातही पाणी शिरलं. माझ्या गोष्टीतल्या वाचनालयात कमरेइतकं. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून सुमनताई आणि शिपाईमामा रात्रंदिवस पुस्तकं वर काढतात, पानांमध्ये वर्तमानपत्राचे कागद घालतात, पंखे लावून उभी करून ठेवतात. सगळी पुस्तकं पावासारखी फुगलेली. त्या ढिगाच्या अगदी तळाशी एक पुस्तक कोरडं.

सुमनताई ते हातात घेतात. कण्यावर चिठ्ठी नाही. धुऊन गेली असेल, असं त्यांना वाटतं. पण कोरड्या पुस्तकाची चिठ्ठी धुऊन कशी जाईल, हा प्रश्न तीन रात्री न झोपलेल्या बाईला पडत नाही. त्या ते पुस्तक वाळलेल्यांत ठेवून देतात. नोंद नंतर करू, म्हणतात.

ती नोंद राहून गेली. एवढीच चूक. नंतरच्या पडताळण्यांत ते पुस्तक सापडलं नाही, कारण त्याला जागाच नव्हती. एका वर्षी ते मोजणीत आलं.

भीतीच्या पायऱ्या

पहिली खूण इतकी बारीक ठेवा की पात्रांनाही ती खूण वाटू नये. मी बोटं घेतली. एक वाचक पुस्तक जमा करताना हात पुढे करतो आणि त्याच्या बोटांची टोकं सुरकुतलेली असतात, बराच वेळ पाण्यात राहिल्यासारखी.

'काका, धुणं काढलंत वाटतं आज?'

'छे हो ताई. मी तर दोन तास इथंच बसलोय वाचत.' काका घड्याळ बघतात. 'दोनच ना?'

ते सकाळी नवाला आलेले असतात. आता संध्याकाळचे साडेसात. मधल्या दुपारी वाचनालय बंद होतं.

इतकंच लिहून पुढे जा. सुमनताईंना दचकवू नका, वीज कडाडू देऊ नका.

दुसऱ्या-तिसऱ्या खुणेनंतर खरीखुरी शंका येऊ द्या आणि तिला एक पटणारं उत्तरही द्या. अशी उत्तरं पुस्तकांच्या जगात भरपूर आहेत. एकोणिसाव्या शतकात युरोपात काही पुस्तकांच्या कापडी बांधणीला आर्सेनिक असलेला हिरवा रंग वापरत. बुरशीनं डोकं जड होतं, श्वास लागतो. सुमनताई हातमोजे घालतात, खिडक्या उघडतात, पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतात. हुशार माणूस आधी हेच करेल. दुसऱ्या दिवशी पिशवी तिथंच असते, गाठ तशीच, आत ओंजळभर पाणी. पुस्तक बालविभागात.

यानंतर एक वाचक गमवावा लागतो. मी ते सकाळी पहिले येणारे आजोबा घेतले, ज्यांची खुर्ची आपण पहिल्या दिवशी लिहून ठेवली होती. खुर्चीवर ओला डाग, टेबलावर चष्मा. हा प्रसंग चार ओळींत संपवा. सुरुवातीला त्या खुर्चीसाठी खर्च केलेली ओळ इथं वसूल होते.

मांत्रिक बोलावण्याचा मोह

शिपाईमामा म्हणणारच, 'ताई, आमच्या गावाकडं एक जण आहे.' म्हणू द्या, कारण खरं आयुष्य असंच असतं. पण आजच्या ठाण्यातली ग्रंथपाल 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा जाणते, आणि तिनं स्वतः त्या विषयावरची व्याख्यानं आपल्याच सभागृहात भरवलेली असतात. ती नकार देते. हा नकार कथेलाही हवा. बाबाला शरण गेलेली ग्रंथपाल आपलं सगळं शास्त्र त्याच्या पायाशी ठेवते, आणि वाचकापर्यंत चुकीचा निरोप जातो. भयकथेत भूत खरं मानायला काहीच हरकत नाही. पण भोंदूला तारणहार करण्याचं पाप लेखकानं करू नये.

दुसरा मोह निर्लेखनाचा: पुस्तक बाद करा, रद्दीत घाला, मोकळे व्हा. कार्यकारी मंडळ हेच सुचवेल. सुमनताईंना मात्र रद्दीची वाट माहीत आहे. रद्दीवाला, तिथून जुन्या पुस्तकांचा पदपथावरचा ढीग, तिथून कुणाही पोराच्या दप्तरात. जाळायचा विचार त्यांच्या मनात येतो आणि हात उचलत नाही. पस्तीस वर्षं पुस्तकं सांभाळलेल्या हाताला ते जमत नाही, आणि ओलं पुस्तक पेटतही नाही.

शेवटची झुंज टेबलावर

इथवर आलात की नियमांची वही काढा. पुस्तकाला जागा नाही, कारण क्रमांक नाही. क्रमांक नाही, कारण नोंद झाली नाही. म्हणजे सुमनताईंनी 2005 साली राहिलेलं काम पुरं करायचं आहे.

बंद वाचनालयात, दुपारी, त्या दाखल नोंदवही उघडतात. दिनांक लिहितात. क्रमांक लिहितात. लेखकाच्या रकान्यात 'अज्ञात' लिहितात, आणि शाई वाळत नाही. अक्षरं ओलीच राहतात, खाली ओघळतात, ओळ पुसून जाते. पुन्हा लिहितात, पुन्हा पुसते. भुताला त्याचं नाव विचारावं लागतं, ही आपली जुनी समजूत. तालिकीकरणातही, म्हणजे पुस्तकांची सूची करतानाही, लेखकाचं नाव आधी शोधावं लागतं. दोन्ही गोष्टी एका रकान्यात येतात.

म्हणून झुंजीच्या आधी एक शोध ठेवा, आणि तो चांगला लांब लिहा. सुमनताई जुन्या साप्ताहिकांच्या पिवळ्या फायली उलगडतात. बोटांना भुकटी लागते. तळ्यात बुडालेल्या एका होतकरू लेखकाची चार ओळींची बातमी, पुस्तक छापायला कुणी तयार नव्हतं असा उल्लेख. त्याला वाचक हवा होता, एवढंच. गिऱ्हा दुष्ट कसा झाला हे कळल्यावर सुमनताईंना त्याची दया येते. वाचकालाही ती यावी, आणि तरी भीती कमी होऊ नये. हा तोल साधायला मला चार खर्डे लागले.

नाव लिहिल्यावर शाई वाळते. वर्गांक, म्हणजे विषयानुसारचा क्रमांक, पडतो, पुस्तकाला जागा मिळते. आता उरतो तिसरा सिद्धांत: त्याला वाचक हवा. सुमनताई स्वतःचं वाचक कार्ड काढतात आणि पुस्तक आपल्या नावावर चढवतात. देवघेवीचा सगळ्यात साधा नियम, की एकाच्या नावावर असलेलं पुस्तक दुसऱ्याला मिळत नाही, इथं गावाचं रक्षण करतो. किंमत त्यांना मोजावी लागते. दर पंधरा दिवसांनी मुदत वाढवायची, आणि दर वेळी थोडं वाचायचं.

फुकटचा विजय लिहू नका.

भाषा, लांबी आणि शेवटचा वाचक

निवेदन ग्रंथपालाच्या खांद्यावरून ठेवा. भुताच्या मनात शिरू नका. 'भयाण', 'थरकाप', 'काळजाचा ठोका चुकला' हे शब्द खर्ड्यातून काढून टाका आणि त्या जागी एक वस्तू ठेवा. तीन-साडेतीन हजार शब्द पुरे होतात. दिवाळी अंकाला पाठवणार असाल (1909 च्या 'मनोरंजन'पासून ही परंपरा चालत आली आहे) तर पावसाळा लागताच गोष्ट तयार हवी, कारण तेव्हाच अंकांची जुळवाजुळव चालते.

पाठवण्याआधी ती एखाद्या ग्रंथपालाला वाचायला द्या. साहित्य समजणारे मित्र शैलीवर बोलतील. ग्रंथपाल नोंद तपासेल. मी माझा खर्डा एका निवृत्त बाईंना दिला होता. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, 'नोंद केली, शाई वाळली, सगळं झालं. सही कुठंय हिची?'

सहीशिवाय नोंद पक्की होत नाही. मी त्या रात्री शेवटचा परिच्छेद पुन्हा लिहिला. आता सुमनताई शेऱ्याच्या रकान्यापाशी सही करतात, खाली तारीख घालतात, तारखेच्या पट्टीवर शिक्का मारतात, आणि वही मिटण्याआधी पंख्याच्या वाऱ्यात आपली बोटं उघडून बघतात.